एमआरपीच्या आत राहून कापलेला खिसा

दिवाळीच्या सामानाची यादी घेऊन सुपरमार्केटमध्ये निघाला असाल तर आधी हे वाचा. कुठल्या साखळीचं दुकान ते लिहीत नाही. एक तर वकिली नोटीस अंगावर घ्यायची हौस नाही. शिवाय एका दुकानाचं नाव घेतलं की वाचणारा म्हणतो, "बरं झालं, आपण तिकडे जातच नाही." आणि दुसऱ्या पाटीखाली जाऊन तसाच नागवला जातो.

नाशिकमध्ये आमच्या भागात हे दुकान उघडलं तेव्हा चकाचक होतं. आता काउंटर सहा, चालू दोन. ट्रॉलीचं एक चाक कायम रुसलेलं, कोपऱ्यात सांडलेला रवा तसाच, मेथी मान टाकलेली. तरी गर्दी हटत नाही, कारण प्रत्येक फळीवर पिवळा कागद असतो: छापील किंमत इतकी, आमची किंमत इतकी, तुमची बचत इतकी. सगळा खेळ या पिवळ्या कागदाचा आहे.

फराळाचं सामान घ्यायचं होतं. बेसन, पातळ पोहे, डाळं, सुकं खोबरं, काजू, तूप, तेल. तुपाच्या लिटरच्या बरणीखाली कागद होता: एमआरपी 675, आमची किंमत 599. बिलात लागले 640. पोह्यांच्या दोन पुड्यांवर एक मोफत अशी ठसठशीत पाटी होती, पैसे तिन्ही पुड्यांचे लागले. उटण्याचं पाकीट एकच घेतलं होतं, यंत्रावरून ते दोनदा गेलं. पिशवीचे 15 रुपये, न विचारता, आणि वर त्या पिशवीवर दुकानाचीच जाहिरात. बिल हातभर लांब, वस्तूंची नावं इंग्रजीत अर्धवट तोडलेली, अक्षरं मुंगीएवढी. मागे रांग खोळंबलेली, काउंटरवरचा मुलगा "मोबाइल नंबर सांगा, नंबर सांगा" करत होता, आणि दारातला रखवालदार बिलावर शिक्का मारायला हात पुढे करून उभा. या गडबडीत बिल वाचणारा माणूस विरळाच. घरी येऊन यादी आणि बिल शेजारी शेजारी ठेवलं तेव्हा एकेक गोष्ट वर आली.

तुपाच्या कागदाचा फोटो माझ्याकडे होता. "हे घेऊ का?" म्हणून ह्यांना दुकानातूनच व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला होता. पुढे सगळ्यात जास्त उपयोग त्या फोटोचा झाला.

दुसऱ्या दिवशी मदत-खिडकीवर गेले. तिथली मुलगी चांगली होती, आवाजही चढवला नाही तिने. पण उत्तर पाठ केलेलं.

"काकू, ती ऑफर परवाच संपली. सिस्टीममध्ये रेट बदलला, टॅग काढायचा राहिला."

"अगं, टॅग तर अजून तिथेच आहे. चल दाखवते."

आम्ही गेलो. कागद होता तसाच होता, आणि त्यावर ऑफरची शेवटची तारीख कुठेच नव्हती. तिने एका पोराला हाक मारली, त्याने माझ्या डोळ्यांदेखत तो कागद खेचून काढला आणि खिशात कोंबला. दोन हातांवर पोह्यांची पाटी मात्र तशीच. तिच्याकडे कोणी पाहिलं नाही.

असं का होतं तेही मी त्या मुलीकडून काढून घेतलं. किमती मुख्य कार्यालयातून रात्रीत बदलतात, संगणकात आपोआप. फळीवरचे कागद मात्र माणसांनी बदलायचे. माणसं कंत्राटदाराची, तीही निम्मी सोडून गेलेली. रंगीत टी-शर्टातली जी मुलं-मुली "मॅडम, हा शाम्पू बघा" म्हणत फिरतात ती दुकानाची नसतातच, त्यांचा पगार शाम्पूची कंपनी देते. त्यामुळे टॅगला वाली कोणी नाही. ऐकायला हे पटतं. पण मग ऑफर सुरू होते त्या दिवशी कागद बरोबर वेळेवर कसा लागतो? नुसती ढिलाई असेल तर अधूनमधून ती गिऱ्हाइकाच्याही फायद्याची निघायला हवी. फळीवर 640 आणि बिलात 599 असं घडलेलं आमच्या सोसायटीत एकालाही आठवत नाही. मी विचारलं.

आता यातली खरी मेख. आपण सगळे एमआरपीकडे बघून निर्धास्त होतो. छापील किमतीपेक्षा जास्त घेतले तर तो सरळ गुन्हा, वजनमापे खातं म्हणजे वैध मापन शास्त्राचं कार्यालय त्यावर कारवाई करतं. हे आता बहुतेकांना ठाऊक आहे, आणि दुकानांना आपल्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. म्हणून ती एमआरपीच्या वर जातच नाहीत. 675 ची बरणी 640 ला विकली, तर त्या नियमाने ती निर्दोष. घरातही कोणी म्हणतंच, "जाऊ दे ना, एमआरपीपेक्षा कमीच लागलं की." पण मी बरणी उचलली ती 599 चा कागद बघून. एक भाव दाखवायचा आणि दुसरा लावायचा याला 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा म्हणतात. तिची दाद वजनमापे खात्यात लागत नाही, ग्राहक आयोगात लागते. दोन दारं वेगळी आहेत, आणि चुकीच्या दारावर गेलेला माणूस तिथेच कंटाळून परत फिरतो.

दुकानाच्या स्वतःच्या छापाच्या मालात तर याची कमाल असते. बेसनाच्या पाकिटावर एमआरपी 165, "आमची किंमत" 99, बचत 66. पण तो 165 चा आकडा छापतो कोण? दुकानच. दुसऱ्या कुठल्याही दुकानात ते बेसन 165 ला कधी विकलं गेलेलं नाही, कारण दुसरीकडे ते मिळतच नाही. ती बचत नुसती कागदावर. शेजारच्या फळीवर एका जुन्या नावाजलेल्या छापाचं बेसन 104 ला होतं, त्यावर बचतीचा पिवळा कागद नव्हता म्हणून कोणी हात लावत नव्हतं.

तेलाच्या पिशव्यांचंही असंच, फक्त ते बेकायदा नाही. एक लिटर तेल म्हणजे साधारण 910 ग्रॅम. आता शेजारी शेजारी 850, 800, 750 ग्रॅमच्या पिशव्या असतात, दिसायला सारख्याच फुगीर. काही वर्षांपूर्वीपर्यंत तेल, चहा, बिस्किटं ठरावीक मापांतच विकावी लागत, ते बंधन उठलं. त्याऐवजी पाकिटावर प्रति ग्रॅम किंवा प्रति किलो दर छापायचा नियम आला. तो दर शोधा. बारीक असतो, बहुतेकदा मागच्या बाजूला, पण ताडून बघायला तेवढाच एक आकडा कामाचा.

काजूची गोष्ट वेगळी, ती सरळ चोरीच. दुकानानेच भरलेली 500 ग्रॅमची दोन पाकिटं घेतली होती. काजूकतलीसाठी एक फोडलं आणि माप चुकायला नको म्हणून स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवलं, तर काजू 465 ग्रॅम. घरच्या काट्यावर कोण विश्वास ठेवणार? म्हणून दुसरं पाकीट न फोडता दुकानात नेलं आणि भाजीच्या काट्यावर ठेवलं. त्यांचाच काटा, त्यांचंच पाकीट, समोर त्यांचाच माणूस. आकडा आला 0.472. पिशवीसकट. काट्यावरच्या मुलाने एकदा आकड्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि भोपळी मिरचीची रास नीट लावायला लागला. मी काट्याचा आणि पाकिटावरच्या लेबलचा एकाच चौकटीत फोटो काढला.

निव्वळ वजनात पिशवी धरायची नसते. भरताना थोडं इकडेतिकडे होणार हे गृहीत धरून नियमाने 500 ग्रॅमच्या पाकिटात 15 ग्रॅमपर्यंतची तूट चालवून घेतात. इथे पिशवी वजा करून पस्तीस गेले. हजार रुपये किलोच्या काजूत पस्तीस ग्रॅम म्हणजे पस्तीस रुपये, आणि दिवाळीच्या आठवड्यात अशी पाकिटं किती खपत असतील याचा हिशोब तुम्हीच करा. मापात पाप म्हणतात ते हेच, फक्त आता ते सीलबंद येतं.

मॅनेजर आले. "ताई, काजूतला ओलावा उडतो ना, वजन थोडं कमी होतंच."

"पाकीट हवाबंद आहे असं तुम्हीच लिहिलंय त्यावर. ओलावा गेला कुठे?"

मग ते दुसऱ्या पवित्र्यात शिरले. पैसे परत देता येत नाहीत, क्रेडिट नोट देतो, पंधरा दिवसांत इथेच वापरायची. आणि बिलाच्या तळाशी बोट: एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही. हे वाक्य सगळीकडे छापलेलं असतं आणि ते वाचून लोक माघारी फिरतात. फिरू नका. सदोष माल परत घ्यायला आणि पैसे परत द्यायला नकार देणं हीच कायद्याने अनुचित प्रथा आहे. बिलावर मुदत लिहिली असेल तर त्या मुदतीत, नसेल तर 30 दिवसांत. क्रेडिट नोट मी घेतली नाही. ती घेतली की गिऱ्हाईक पुन्हा त्याच पिवळ्या कागदांपुढे उभं राहतं, आणि "तक्रार मिटली" अशी नोंद होते ती वेगळीच.

घरी येऊन 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन केला. मराठीत बोलता येतं. बिल, तुपाच्या कागदाचा फोटो आणि पोह्यांच्या पाटीचा फोटो (दुसऱ्या दिवशी ती होतीच की तिथे) पाठवले. या हेल्पलाइनला हुकूम काढायचा अधिकार नाही, ती मध्यस्थी करते, पण तक्रार कंपनीच्या वरच्या कार्यालयात पोहोचते आणि तिथे उत्तर द्यावं लागतं. ज्या मॅनेजरना पैसे परत देणं "सिस्टीममध्येच नाही" असं वाटत होतं त्यांचाच फोन आला, आणि तूप, पोहे, उटणं यांचे पैसे खात्यात जमा झाले. पिशवीचे नाही. खरं तर आधी न सांगता काउंटरवर पिशवीचे पैसे लावणं ही अनुचित प्रथा आहे असं राष्ट्रीय ग्राहक आयोगाने 2020 च्या डिसेंबरमध्येच म्हटलेलं आहे. पण 15 रुपयांसाठी पुढे ताणायचा मला कंटाळा आला. दुकानं याच कंटाळ्यावर जगतात, हे कळत असूनही आला.

काजूंची तक्रार मी वजनमापे खात्याकडे लेखी केली. सोबत बिलाची प्रत, फोटो, आणि न फोडलेलं पाकीट माझ्याकडे आहे असा उल्लेख. निरीक्षकांचा फोन आला, त्यांनी पाकीट तसंच ठेवायला सांगितलं. ते दुकानात जाऊन आले एवढं नक्की, कारण मदत-खिडकीवरच्या मुलीनेच मला सांगितलं. पुढे काय झालं ते कोणी कळवलं नाही. 2009 च्या वैध मापन कायद्यात कमी वजनाचं पाकीट विकल्याबद्दल पहिल्या गुन्ह्याला 10 हजार ते 50 हजार दंड लिहिलेला आहे, आणि बरीच प्रकरणं तडजोड शुल्क भरून मिटतात. दिवाळीच्या गर्दीत एवढी रक्कम एक काउंटर किती वेळात गोळा करतो, सांगायला नको. पण नंतर गेले तेव्हा त्या फळीवर दुसऱ्याच कंपनीचे काजू होते.

तुम्ही म्हणाल, मग जाता कशाला तिथे, कोपऱ्यावरचा वाणी काय वाईट? वाणीही काही धुतल्या तांदळासारखा नव्हता, त्याच्या काट्याखाली चुंबक सापडल्याच्या गोष्टी आमच्या आईनेच सांगितल्या आहेत. पण वाण्याशी भांडायला तो समोर तरी असायचा. इथे मुलगी म्हणते वरून येतं, मॅनेजर म्हणतो सिस्टीम देत नाही, आणि वर कोण आहे ते बिलावर छापलेलं नसतं. याच कारणाने आमच्या सोसायटीतल्या चार-पाच घरांनी आता वर्षाचं धान्य आणि डाळी मिळून घाऊक बाजारातून आणायचं ठरवलंय. मुंबई ग्राहक पंचायत 1975 पासून हेच करते आहे, कुटुंबांचे गट करून एकत्र खरेदी आणि आपसात वाटप. आमचं जमतंय का बघू. गोणी उचलायला कोण येणार यावरच पहिलं भांडण झालं आहे.

तोवर दुकानात जायचंच असेल तर मी काय करते ते सांगते. ऑफर असलेल्या वस्तूच्या कागदाचा फोटो, वस्तू आणि दर एकत्र दिसेल असा. दुकानानेच भरलेलं पाकीट असेल तर भाजीच्या काट्यावर, कोणी काही म्हणो. मोबाइल नंबर द्यायचा नाही. बिलासाठी नंबरचा आग्रह धरू नका असं केंद्राच्या ग्राहक खात्याने दुकानांना 2023 च्या मे महिन्यात कळवलेलं आहे, त्यामुळे "त्याशिवाय बिल निघत नाही" हे ऐकून घ्यायचं कारण नाही. आणि बिल वाचायचं ते काउंटर आणि रखवालदार यांच्या मधल्या जागेत, शिक्का बसायच्या आधी. शिक्का बसून दाराबाहेर पडलं की "तुम्ही बाहेर जाऊन आलात" हे उत्तर तयार असतं.

मध्यस्थीने काही झालं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. 5 लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क नाही, वकील लागत नाही, अर्ज ऑनलाइनही भरता येतो. मुदत दोन वर्षांची. पण या दुकानांची बिलं ज्या गुळगुळीत कागदावर निघतात त्यावरची शाई काही महिन्यांत उडून जाते. मागच्या दिवाळीचं बिल कपाटात असेल आणि अजून वाचता येत असेल, तर आजच त्याचा फोटो काढून ठेवा.