काळा ओटा, पांढरा डॅडो आणि माझे ४४,५०० रुपये

बँकेच्या कॅश काउंटरवर २२ वर्षं काढलीत मी. खोटी नोट बोटाला लागली की कळते. आणि खोटा दगड माझ्या डोळ्यांदेखत, माझ्याच स्वयंपाकघरात बसवून गेले. लाज वाटत होती म्हणून तीन महिने गप्प होते. पण परवा आमच्या इंदिरानगरातलीच एक ओळखीची त्याच फरशीवाल्याला ॲडव्हान्स द्यायला निघाली, तेव्हा म्हटलं, लिहूनच टाकते.

गॅसच्या ओट्याला काळा ग्रॅनाइट आणि बाजूच्या छोट्या ओट्याला नि मागच्या डॅडोला, म्हणजे ओट्यामागच्या भिंतीला, पांढरा क्वार्ट्झ (कारखान्यात बनवलेला दगड), असं ठरलं. कल्पना माझीच होती आणि वाईट नव्हती. काळ्यावर तेल-हळद दिसत नाही, पांढऱ्याने अंधारं स्वयंपाकघर उजळतं. काळा ३८ चौरस फूट, २९० ने ११,०२०. पांढरा ४२, ५४० ने २२,६८०. कडेचं मोल्डिंग २२ रनिंग फूट, १२० ने २,६४०. कटिंग-फिटिंग ८,१६०. एकूण ४४,५००. पैकी ३०,००० ॲडव्हान्स यूपीआयने, तेही त्याच्या मेव्हण्याच्या नंबरवर. बाकी १४,५०० रोख. तीन ठिकाणी दर काढले होते, हा सगळ्यात स्वस्त नव्हता. त्यामुळे 'स्वस्ताच्या मागे लागलात' हे मला ऐकवू नका. 'पक्कं बिल केलं तर १८ टक्के वाढतील ताई' म्हणाला आणि मी ८,०१० रुपये वाचवले, हे मात्र खुशाल ऐकवा.

आता तो क्षण. सिंकसाठी ग्राइंडरने खाच कापली. धुरळा बसला आणि कापलेली कड मला दिसली. राखाडी! वरून आरशासारखा काळा आणि आतून पावसाळी ढगासारखा. मी विचारायच्या आत त्याच्या हाताखालच्या पोऱ्याने पाण्याच्या बाटलीतलं काळं पाणी जुन्या टूथब्रशने कडेला फासलं. 'हे काय रे?' 'कडेचं पॉलिश, काकू.' आणि मी काय केलं? त्याला चहा दिला. दोन बिस्किटं दिली. कापून निघालेला तुकडा तो गोणीत घालून घेऊन गेला, तेव्हाही वाटलं, बरं झालं, कचरा गेला. तो तुकडा आपल्याकडेच ठेवायचा असतो! पुरावा तोच. पैसे आपण त्याचेही मोजलेले असतात.

दिवाळी बरी गेली. मग सासूबाईंनी लोणच्याला लिंबं चिरली आणि एक फोड रात्रभर बाजूच्या ओट्यावर उपडी राहिली. सकाळी तिथे रुपयाएवढी गोल, खरखरीत जागा. पॉलिश खाल्लेलं. क्वार्ट्झला लिंबाने असं होत नाही, संगमरवराला होतं. मुलीचं नेलपॉलिश रिमूव्हर कापसावर घेऊन काळ्या ओट्यावर घासलं, तर कापूस काजळासारखा. फरशी पुसावी तसा रंग निघत होता, म्हणजे राखाडी दगडच वरून काळा रंगवलेला. आणि कहर म्हणजे दोन्ही दगड जिथे भेटतात तिथे सिलिकॉन नव्हतंच, नुसतं व्हाइट सिमेंट. रोजच्या पुसण्यातून काळा रंग सांध्यात उतरला आणि पांढऱ्या डॅडोच्या खालच्या कडेने वर चढला. बोटभर करडी रेघ आली आहे, घासून जात नाही.

दुसऱ्या एका फरशीवाल्याला आणून दाखवलं. तो म्हणाला, खरा क्वार्ट्झ असता तरी गॅसच्या मागे मी लावला नसता, त्यात रेझिन असतं, आचेने पिवळा पडतो. आमच्या माणसाने मला कशालाच नाही म्हटलं नव्हतं. 'होऊन जाईल ताई.' इतका होकारी माणूस दिसला की सावध व्हा.

फोन केला तर आधी 'बघतो', मग 'तुम्ही ॲसिडने पुसला असेल', मग नंबर ब्लॉक. चौकीत गेले. 'ओटा चोरीला गेलाय का?' नाही. 'मग बाई, हे सिव्हिल मॅटर.' अर्ज तरी घ्या म्हटलं, तर साहेब बंदोबस्ताला. दुसऱ्या दिवशी साहेब होते, तर अर्जाला फरशीवाल्याने दिलेल्या चिठ्ठीची झेरॉक्स नाही. झेरॉक्स नेली, तर म्हणे सायबरकडे जा, यूपीआय आहे ना? तिथला पोरगा विचारतो, 'ओटीपी कुणी मागितला होता का?' नाही. 'मग पैसे तुम्ही स्वतःहून दिलेत.' अरे, स्वतःहूनच दिले, माल खोटा दिला हीच तर तक्रार! माझ्याच बँकेतल्या सहकाऱ्याने हसून सांगितलं, मॅडम, तुम्हीच ग्राहकांना रोज सांगता ना, नाव बघून पैसे पाठवा म्हणून. चार खेपा, दोन अर्ध्या रजा, पोच एकाचीही नाही.

ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही, दोन वर्षांत तक्रार करता येते, हे नंतर कळलं. ती करतेच आहे. पण माझ्या हातात काय, तर तीच चिठ्ठी, वहीचा फाटका कागद: 'काळा ३८, पांढरा ४२'. दगडाचं नावच नाही! तुम्ही नाव, जाडी, दर सगळं लिहून घ्या, सही घ्या. दुकानातल्या नमुन्यावर लिंबू नका पिळू, आपल्या घरात उतरलेल्या लादीवर पिळा, चिकटवायच्या आधी.

काल मुलीच्या फोनवरून त्याचं स्टेटस पाहिलं. 'आमचं नवीन काम, इंदिरानगर.' फोटो आमच्याच ओट्याचा. कोपऱ्यात सासूबाईंची बरणीसुद्धा आहे.