पेठेतल्या वाड्याची चुन्यातील दुरुस्ती : एका कारागीर गटाच्या कामाविषयी

साताऱ्याच्या मंगळवार पेठेतील आमच्या वडिलोपार्जित वाड्याची दुरुस्ती आम्ही चुन्यात काम करणाऱ्या एका स्थानिक कारागीर गटाकडून करून घेतली. आता एक पूर्ण पावसाळा उलटून गेला असल्याने त्या कामाविषयी खात्रीने लिहिता येते.

छत्रपती शाहू महाराजांनी अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी वसवलेले हे शहर पेठांचे आहे. १८४८ साली संस्थान खालसा झाले, इंग्रजांची छावणी पूर्वेकडे राहिली, आणि पुढे पोवई नाका व महामार्ग यांच्या ओढीने नवी वस्तीही त्याच दिशेला सरकली. राजवाड्याभोवतीच्या पेठांत वाटण्या न झालेले, कुलूपबंद वाडे त्यामुळे वाढत गेले. या पेठांना ऊर्जितावस्था आणण्याविषयी बरेच बोलले जाते, पण दर्शनी भिंती रंगवून किंवा माहितीचे फलक लावून ते होणार नाही. आतल्या खोल्या कोरड्या आणि राहण्याजोग्या झाल्या, तरच तरुण कुटुंबे तिथे परततील. या गटाच्या कामाचे मोल मला त्यामुळेच अधिक वाटते.

आमच्या वाड्याचे जोते काळ्या दगडाचे आणि वरच्या भिंती विटा-मातीच्या आहेत. पूर्वीच्या एका दुरुस्तीत ओसरीला सिमेंटचा गिलावा दिला गेला होता. जोत्यातून वर चढणारी ओल त्याच्याआड कोंडली, भिंतीला लोणा लागला, म्हणजे तिच्यावर क्षार फुटले, आणि गिलाव्याचे पापुद्रे सुटू लागले. मुख्य मिस्त्रींनी पहिल्याच भेटीत थापीच्या दांड्याने सबंध भिंत ठोकून पाहिली, जिथे पोकळ आवाज आला तिथे कोळशाने खुणा केल्या आणि तेवढाच भाग उतरवायचे ठरवले. ‘सगळे पाडून नवे बांधा’ हाच सल्ला सगळीकडून ऐकलेल्या माणसाला या सावधपणाने किती धीर येतो, हे जुन्या घरात राहणाऱ्यांना सांगायला नको.

भिजवून मुरवलेला चुना, चाळलेली वाळू आणि विटांची सुरखी, म्हणजे भुकटी, एकत्र मळून, त्यात गूळ-हिरड्याचे पाणी घालून त्यांनी माल तयार केला. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषत हळूहळू घट्ट होतो, म्हणून गिलावा पातळ थरांत चढवला जातो आणि प्रत्येक थर ओला राखावा लागतो. त्यासाठी भिंतींवर ओली गोणपाटे टांगलेली असत. सुतारकामही तितकेच नेटके झाले. ओसरीच्या एका सागवानी खांबाचा तळ कुजला होता. तुळईला टेकू देऊन त्यांनी कुजका भाग तेवढा कापला आणि जुन्या सागाचा तुकडा खाच पाडून असा बसवला, की सांधा बोटाला लागतो पण नजरेला चटकन दिसत नाही. यंदाच्या पावसात ओसरीची भिंत कोरडी राहिली आणि माजघरातला कुबट वास गेला.

उणिवाही सांगायला हव्यात. कबूल केलेली मुदत पाळली गेली नाही, आणि मधले काही आठवडे माणसे दुसऱ्या कामावर गेल्याने घर उघडे पडले. जुना सिमेंट काढण्याचा खर्च अंदाजपत्रकात धरलेलाच नव्हता. विजेच्या तारांचे नियोजन गिलाव्याआधी न झाल्याने ताज्या भिंतीला दोन ठिकाणी खाचा पाडाव्या लागल्या, याचे मला फार वाईट वाटले. बोळात टाकलेला राडारोडा वारंवार सांगितल्यावरच उचलला गेला. चुन्याचे काम सिमेंटपेक्षा महागही पडते, कारण त्यात मजुरी जास्त लागते.

तरीही दगड, विटा-माती आणि लाकडाच्या घरासाठी मी याच गटाची शिफारस करीन. न्हाणीघर आणि नळजोडणीची कामे मात्र दुसऱ्या माणसाकडे द्यावीत आणि ती गिलाव्याआधीच उरकून घ्यावीत. अंदाजपत्रकात जुना गिलावा काढणे व राडारोडा वाहून नेणे या बाबी लिहून घ्याव्यात, आणि पैसे कामाच्या टप्प्यांनुसार द्यावेत. दिवाळीनंतर काम सुरू झाल्यास पावसाळ्यापूर्वी भिंतींना सुकायला पुरेसा अवधी मिळतो, तेव्हा मिस्त्रींशी बोलणी गणपतीच्या सुमारासच करून ठेवावीत.