गाझान खानावरची मराठी ऑडिओ मालिका ऐकली, कारभाराचे भाग जबरदस्त पण विहारांचा भाग घाईत उरकला

लोकमान्य नगर ते सीताबर्डी मेट्रोने जाता-येता पंधरा दिवसात बाराही भाग ऐकून झाले. चंगेज आणि कुबलाई सगळ्यांना माहीत असतात, पण इराणात राज्य करणारा हा मोंगोल गाझान खान (१२७१ ते १३०४) मला तरी नावानंसुद्धा माहीत नव्हता.

सगळ्यात आवडला तो कागदी पैशाचा भाग. त्याचा काका गायखातू, यानं १२९४ मध्ये राजधानी तबरीझला चिनी पद्धतीच्या नोटा काढल्या, कोणी घेईना, बाजार बंद पडला आणि थोड्याच दिवसात नोटा मागे घ्याव्या लागल्या. पुढच्याच वर्षी गाझान गादीवर आला तेव्हा खजिना रिकामा आणि शेतकरी गावं सोडून पळालेले. मग त्यानं काय केलं तर कराचे दर दगडावर, लाकडावर कोरून गावागावात लावायला लावले म्हणजे वसुलीवाल्याला मनानं वाढवता येऊ नये, वजनमापं तबरीझच्या मापानं सगळीकडे एकसारखी केली, आणि सरकारी दूत लोकांच्या घरात घुसून राहायचे, जनावरं ओढून न्यायचे त्यावर लगाम घातला. माझे बाबा आयुष्यभर संत्र्याच्या धंद्यात होते, काटा मारला की घरात काय होते हे मी पाहिलं आहे, म्हणून वजनांचा तो भाग मी दोनदा ऐकला. वजीर रशीदुद्दीन, मूळचा हमदानचा वैद्य, त्याच्याकडून गाझाननं मोंगोलांचा इतिहास लिहवून घेतला तेही छान सांगितलं आहे.

आता तक्रार. गाझान लहानपणापासून बौद्ध संस्कारात वाढला, खुरासानचा सुभेदार असताना त्यानं स्वतः विहार बांधला. १२९५ मध्ये नात्यातल्याच बायदूशी गादीसाठी लढाई चालू असताना अमीर (सरदार) नवरूझच्या सांगण्यावरून त्यानं इस्लाम स्वीकारला, आणि गादी मिळाल्यावर विहार पाडायचा हुकूम निघाला, चर्च आणि सिनेगॉगही सुटले नाहीत. भिक्खूंना पुढे सांगितलं की मुसलमान व्हा नाहीतर भारत, काश्मीर, तिबेटकडे निघून जा. हे सगळं मालिकेत जेमतेम चार मिनिटांत! आजीचं बोट धरून दरवर्षी दीक्षाभूमीवर गेलेला माणूस आहो मी, १९५६ ची गोष्ट तिच्या तोंडून ऐकत मोठा झालो, मला त्या भिक्खूंचं पुढे काय झालं ते ऐकायचं होतं ना. ज्यानं स्वतः बांधलं त्याच्याच राज्यात ते पडलं, यावर अख्खा एक भाग पाहिजे होता. त्याऐवजी सीरियाच्या स्वाऱ्यांना तीन भाग दिले, १२९९ ची जीत, दमास्कस, मग १३०३ चा पराभव, घोडे आणि बाण ऐकून ऐकून कंटाळा येतो. नवरूझला १२९७ मध्ये गाझाननंच मारवलं तेवढं मात्र नीट समजावलं आहे.

आवाज स्वच्छ आहे, मराठी साधी आहे, फक्त मोंगोल नावं एकेका भागात वेगवेगळी उच्चारली आहेत, वंशावळीचा एक फोटो सोबत दिला असता तर बरं झालं असतं. कुबलाईनं अरघूनसाठी पाठवलेली राजकन्या कोकोचिन, मार्को पोलोच्या सोबतीनं आलेली, ती पोचली तोवर अरघून गेलेला आणि तिचं लग्न मुलाशी म्हणजे गाझानशी झालं, हा दुसरा भाग फुकट ऐकता येतो, आधी तो ऐका आणि मगच पैसे भरा.

माझ्याकडून ५ पैकी साडेतीन.