व्यक्तिचित्र: फोटोवरून, की माणूस समोर बसवून?

तैलरंगात व्यक्तिचित्रं करू लागलेल्या आपल्याकडच्या बऱ्याच मुलामुलींना हा प्रश्न पडतो. मी दोन्ही पद्धतींनी काम केलंय आणि दोन्हींतून चांगली चित्रं होतात. फोटो म्हणजे नक्कल आणि बैठक म्हणजेच कला, असं सोवळं मी पाळत नाही. राजा रविवर्म्यांनीही छायाचित्रांचा आधार घेतला होता.

पोटापाण्याच्या दृष्टीनं तर फोटोवाचून चालतच नाही. बेळगाव, खानापूर, निपाणीकडे मिळणारं बरंचसं काम गेलेल्या माणसांचं असतं. पतसंस्थेच्या संस्थापकांचं तैलचित्र, वर्षश्राद्धाला लावायचं आजोबांचं चित्र. हाती येतो तो ओळखपत्रावरून मोठा केलेला फोटो, नाहीतर लग्नाच्या घोळक्यातला एक चेहरा. लहान मुलांचंही तेच, ती कुठली बसतात!

बैठकीत दमछाक फार. माणूस वीस-पंचवीस मिनिटांत अवघडतो आणि विश्रांती घेऊन परत बसला की मान थोडी वेगळ्या कोनात येते. खुर्चीच्या पायांभोवती खडूच्या खुणा करून ठेवाव्या लागतात, समोरच्या भिंतीवर नजरेसाठी जागा ठरवून द्यावी लागते. फोटो यातलं काहीच मागत नाही, रात्री बारा वाजताही तसाच असतो.

एवढं असूनही माझा कल बैठकीकडे झुकला तो एकाच त्रासामुळे. फोन सावलीचा रंग खाऊन टाकतो.

बेळगावच्या वडगावातले एक वयस्क विणकर काका, जन्म मागावर गेलेला. रंग गडद, कपाळावर खिडकीचा थंड उजेड, गालफडाखाली दाट सावली. खोलीची जमीन लाल कोब्याची. त्या जमिनीवरून उसळलेला प्रकाश हनुवटीखाली विटकरी होऊन बसला होता. त्यांचा चेहरा गोल, जड, जिवंत वाटत होता तो त्या एका विटकरी कडेमुळे. फोनमध्ये मात्र रंग दोन छटा उजळ, सुरकुत्या गुळगुळीत आणि हनुवटीखाली नुसता राखाडी पट्टा.

याचं कारण साधं आहे. हल्लीचे फोन कमीजास्त उजेडाच्या अनेक फ्रेम घेऊन त्या एकत्र करतात. सावल्या वर उचलतात, चकाकी खाली ओढतात. पाहायला सगळं स्वच्छ दिसतं, पण गडद आणि उजळ यांच्यातलं जे अंतर चेहऱ्याला गोलाई देतं तेच बुजतं. वर प्रकाशातली लालीपिवळी झाक ‘दुरुस्त’ होते. जवळून काढला तर नाक मोठं होऊन कान मागे जातात. यावर उपाय नाहीत असं नाही. लांब उभं राहून झूम करावं, एक्स्पोजर लॉक करावं, जमलं तर रॉ फाइल, म्हणजे फोननं ‘दुरुस्त’ न केलेली, घ्यावी. बराच फरक पडतो. पण तो विटकरी रंग मला तरी फोटोत कधी पुरता सापडलेला नाही.

समोर बसवल्यावर तो पॅलेटवर सापडला. बर्न्ट अंबर या तपकिरी रंगात ढोबळ मांडणी, मग डोळे किलकिले करून फक्त तीन टोन. सावलीत तांबूस बर्न्ट सिएना आणि थोडा निळा अल्ट्रामरीन, हनुवटीखाली विटकरी लाइट रेडचा एक फटकारा. काका मध्येच “हलू काय रे जरा?” म्हणायचे, मग धाग्याच्या भावावर बोलू लागायचे आणि आवळून धरलेले ओठ आपोआप सैल व्हायचे. मी तोंड रंगवलं ते त्या वेळी.

आंबोली घाटाखालच्या सावंतवाडीत जन्मलेल्या चित्रकार सा. ल. हळदणकरांचं दिवा घेतलेल्या स्त्रीचं जलरंगचित्र म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यात आहे. ते रविवर्म्यांचं म्हणून सांगणारे अजूनही भेटतात. त्यासाठी हळदणकरांनी आपल्या मुलीला समोर उभं केलं होतं. ज्योत हाताआड आहे, उजेड बोटांमधून झिरपतो आणि चेहऱ्यावर पसरतो. म्हैसूरला गेलात तर त्या बोटांच्या कडा नीट बघा. फोन जो रंग खातो, त्याच रंगावर ते अख्खं चित्र उभं आहे. आणि आपल्याच बेळगावात चित्रकार के. बी. कुलकर्ण्यांचं चित्रमंदिर, म्हणजे चित्रकलेची शाळा, होतं, त्यांच्या हाताखाली चित्रकार रवी परांजपे घडले. वास्तववादी चित्रणाची अशी परंपरा घराजवळ असताना सगळं शिक्षण स्क्रीनवरून घ्यावं, हे मला पटत नाही.

तर, ऑर्डर ठरल्या तारखेला द्यायची असेल किंवा माणूस हयात नसेल, तर बिनदिक्कत फोटो घ्या. हात तयार करायचा असेल तर मी बैठकीच्या बाजूनं आहे. चार-सहा माणसं समोर बसवून रंगवली की फोटोतल्या सावलीत काय गळलंय तेही कळू लागतं. उलट्या दिशेनं हे शिकता येतं असं माझ्या पाहण्यात तरी नाही.

सुरुवात घरच्याच माणसापासून करा, उत्तरेच्या खिडकीशी. फक्त मे महिना टाळा. तेव्हा दुपारचा सूर्य आपल्या डोक्यावरून उत्तरेकडे सरकलेला असतो आणि त्या खिडकीतूनही ऊन आत येतं. पावसाळ्यात ढगांमुळे उजेड मऊ असतो, बऱ्यापैकी स्थिरही राहतो. तैलरंग वाळायला वेळ लागतो तेवढा सोसायचा, आणि पहिला थर टर्पेन्टाइन घालून पातळच ठेवायचा.