मॅन्डोलिनवरचा बाख : अवी अविताल यांची ध्वनिमुद्रिका

जर्मन संगीतकार योहान सेबास्टियन बाख यांनी मॅन्डोलिन या छेडून वाजवायच्या तंतुवाद्यासाठी एकही रचना लिहिली नाही. 'डॉइच ग्रामोफोन'ने २०१२ मध्ये प्रकाशित केलेल्या या ध्वनिमुद्रिकेत मॅन्डोलिनवादक अवी अविताल यांनी बाख यांच्या चार रचना स्वतः मॅन्डोलिनसाठी बांधून सादर केल्या आहेत. त्यांपैकी तीन कॉन्चेर्टो, म्हणजे एक मुख्य वाद्य आणि वाद्यवृंद यांच्यासाठीच्या रचना, आहेत आणि त्यांना 'कामरअकाडेमी पोट्सडाम' या वाद्यवृंदाची साथ आहे. चौथी रचना म्हणजे मूळ बासरीसाठी लिहिलेला, ई मायनर या स्वरपट्टीतला सोनाटा (एक-दोन वाद्यांसाठीची, अनेक भागांची रचना).

मॅन्डोलिनच्या स्वराला आस फार थोडी असते. तारांच्या जोडीवर नखीचा आघात झाला की स्वर लगेच विरू लागतो, आणि तो लांबवायचा तर नखी वेगाने वरखाली फिरवत राहावे लागते. हा कंप सोपा आणि गोड असल्यामुळे अनेक वादक त्याच्या आहारी जातात. अविताल मात्र तो जपून वापरतात. बहुतेक ठिकाणी ते स्वराला विरू देतात आणि पुढचा स्वर अशा अंदाजाने छेडतात की मधली पोकळी ऐकणाऱ्याचा कानच भरून काढतो.

याचा सर्वांत सुंदर प्रत्यय जी मायनर कॉन्चेर्टोच्या मधल्या संथ भागात येतो. तेथे वाद्यवृंदातील वादक गज बाजूला ठेवून बोटांनी तारा छेडतात आणि त्यावर मुख्य वाद्य एक लांब, अलंकृत धून मांडत जाते. मुख्य वाद्य व्हायोलिन असेल, तर गजाचा अखंड स्वर आणि साथीचे तुटक स्वर हे दोन वेगळे थर स्पष्ट जाणवतात. येथे धून आणि साथ दोन्ही छेडलेल्या तारांतूनच उमटत असल्यामुळे ते थर एकमेकांत मिसळतात, आणि केवळ या भागासाठी ही ध्वनिमुद्रिका संग्रही ठेवावी असे माझे मत आहे.

डी मायनर कॉन्चेर्टो आज हार्प्सिकॉर्ड या पियानोसारख्या जुन्या वाद्यासाठीचा म्हणून ओळखला जातो, पण तो मुळात व्हायोलिनच्या एका हरवलेल्या कॉन्चेर्टोवरून घेतलेला असावा, असे बहुतेक अभ्यासक मानतात. मॅन्डोलिनच्या तारा व्हायोलिनप्रमाणेच जी, डी, ए, ई अशा लावलेल्या असल्याने, मोकळ्या तारेचा एकच स्वर धरून भोवती वेगाने फिरणारी पहिल्या भागातील वळणे हाताला सहज बसतात. ती येथे इतकी स्वच्छ वाजली आहेत की त्या गर्दीतला प्रत्येक स्वर वेगळा ऐकू येतो. ए मायनर कॉन्चेर्टोही नेटका झाला आहे.

सोनाट्याबद्दल मात्र मी तेवढा उत्साही नाही. बासरीची ओळ श्वासावर तोललेली असते; तिचे लांब स्वर मॅन्डोलिनवर आले की वादकाला कंपाचा आधार घ्यावाच लागतो, आणि अन्यत्र पाळलेला संयम येथे थोडा सैल होतो.

यू. श्रीनिवास यांच्या विद्युत मॅन्डोलिनवरील कर्नाटक संगीत ज्यांनी मनापासून ऐकले आहे, त्यांनी येथे तशा गमकांची (स्वर आंदोलित करण्याची) अपेक्षा ठेवू नये, कारण या वादनाची सारी शक्ती आघातांच्या नेमकेपणात आणि त्यांच्या चढउतारांत आहे. हे बारकावे मोबाइलच्या स्पीकरवर हरवतात; चांगले हेडफोन वापरावेत आणि सुरुवात जी मायनर कॉन्चेर्टोपासून करावी.