व्हिएन्नाचं आर्नोल्ड शोनबर्ग सेंटर: घरबसल्या हस्तलिखितं आणि खुद्द त्याचा आवाज

मी पुण्यात पियानो शिकवते. आर्नोल्ड शोनबर्ग हा बारा स्वरांच्या पद्धतीने रचना करणारा विसाव्या शतकातला व्हिएन्नी संगीतकार. ‘शोनबर्ग म्हणजे नुसतं गणित’ असं कुणी म्हणालं की मी वाद घालत नाही, या सेंटरचं संकेतस्थळ उघडून देते. शोनबर्गच्या हस्तलिखितांची स्कॅन केलेली पानं तिथे कुणालाही फुकट पाहता येतात.

सुरुवात ओपस 25 (रचनेचा क्रमांक) च्या पियानो सुइटपासून, म्हणजे छोट्या रचनांच्या मालिकेपासून करा. सप्तकातले बाराही स्वर ठरावीक क्रमाने मांडलेली एकच ओळ, तिच्यावरच सगळी रचना उभी, आणि ज्याच्याकडे परतायचं असा ‘सा’ कुठेच नाही. त्या ओळीतले शेवटचे चार स्वर उलटे वाचले की जर्मन स्वरनामांत ‘बाख’ (B-A-C-H) हे थोर जर्मन संगीतकाराचं नाव तयार होतं! ओळीची वेगवेगळी रूपं (उलटी, वरखाली पालटलेली वगैरे) पटकन सापडावीत म्हणून शोनबर्गने कागद-पुठ्ठ्याचे तक्ते आणि सरकपट्ट्या स्वतः बनवल्या होत्या. त्या पाहिल्या की कळतं, हा माणूस हातांनी विचार करायचा. माझ्या विद्यार्थ्यांना छापील स्वरलिपीपेक्षा याच जास्त आवडतात.

ध्वनिमुद्रणांत माझा जीव कोलिश क्वार्टेट या चार तंतुवादकांच्या चमूवर आहे. 1936-37 च्या हिवाळ्यात हॉलिवूडच्या एका फिल्म स्टुडिओत त्यांनी शोनबर्गची चारही क्वार्टेट (चार तंतुवाद्यांसाठीच्या रचना) खाजगीरीत्या ध्वनिमुद्रित केली. चौथं तर तेव्हा नुकतंच लिहून झालेलं. त्या तबकड्यांवर वादकांचं आणि स्वतः शोनबर्गचं बोलणंही आहे. तो इंग्रजीत बोलतो, उच्चार अस्सल व्हिएन्नी. नाझी सत्तेवर आल्यावर 1933 मध्ये जर्मनी सोडावी लागलेल्या माणसाचा हा आवाज आहे, हे ऐकताना विसरता येत नाही.

हा सगळा ठेवा आधी लॉस एंजेलिसला होता, 1998 पासून व्हिएन्नात आहे. जानेवारी 2025 च्या लॉस एंजेलिसमधल्या वणव्यात शोनबर्गच्या मुलाच्या प्रकाशनसंस्थेतल्या, वादकांना भाड्याने द्यायच्या स्वरलिपी जळून खाक झाल्या. मूळ हस्तलिखितं व्हिएन्नात होती, म्हणून वाचली. ती बातमी वाचून माझ्या पोटात गोळा आला होता.

जर्मन येत नसेल तर शोनबर्गच्या पत्रव्यवहारात फार हाती लागणार नाही, आणि जुनं जर्मन हस्ताक्षर लावणं जर्मन येणाऱ्यांनाही जड जातं. स्वरलिपीला ती अडचण नाही. व्हिएन्नाला जाणं झालंच, तर श्वार्त्सेनबर्गप्लाट्झ या चौकातल्या पाले फांटो या सेंटरच्या इमारतीत त्याची अमेरिकेतली अभ्यासिका पुन्हा मांडलेली आहे, ती चुकवू नका. तिच्यातलं काही फर्निचरही त्याने स्वतः केलेलं आहे.