पीक फ्लो मीटर: काटा सोडला तर पैसे वसूल

आईला दमा आहे. ती किती जोरात हवा फुंकते ते मोजणाऱ्या पीक फ्लो मीटरचा काटा गेल्या आठवड्यात सैल झाला. फुंकल्यावर तो जिथे पोचतो तिथेच थांबायला हवा. आता मीटर जरा तिरका झाला की खाली घसरतो. दुकानदार म्हणतो, ‘तोंडाला लावलेली वस्तू परत घेत नाही.’ पावसाळ्यात घेतलेला मीटर एक हिवाळाही काढत नाही, याचा संताप येतो.

खरं तर घेताना या प्लास्टिकच्या नळीवर माझा विश्वासच नव्हता. खात्री पटली ती स्पायरोमेट्रीच्या, म्हणजे दवाखान्यातल्या फुंकर-तपासणीच्या, रिपोर्टमुळे. त्यात पहिल्या सेकंदात सुटलेली हवा (एफईव्ही-१) १.३२ लिटर होती आणि एकूण हवेशी तिचं गुणोत्तर ०.६२. हे ०.७० च्या खाली गेलं की श्वासनलिकांत अडथळा आहे असं साधारण धरतात. वयाप्रमाणे ते थोडं उतरतंही. पंप (श्वासावाटे ओढायचं औषध) देऊन पंधरा मिनिटांनी पुन्हा फुंकायला लावलं, तर १.६१. वाढ निदान १२ टक्के आणि २०० मिलिलिटर, दोन्ही असेल तर अडथळा औषधाने सुटतो असं मानतात. आईची वाढ २९० मिलिलिटर, म्हणजे २२ टक्के. डॉक्टरांनी दम्याचं निदान केलं.

त्याच कागदावर, पंपाआधीच्या रकान्यात, पीईएफ, म्हणजे फुंकरीचा सर्वाधिक वेग, ४.२ होता. तो लिटर प्रति सेकंद असतो, मीटरवर मात्र लिटर प्रति मिनिट. साठने गुणलं, २५२ आले. त्या सकाळी घरी, पंप घ्यायच्या आधी, आईने २५० फुंकले होते! तेव्हापासून वही सुरू झाली. उभं राहून, ओठ घट्ट मिटून तीन फुंकरा, त्यातली सर्वात मोठी लिहायची.

औषध बसल्यावर आईचा सर्वोत्तम आकडा ३०० झाला. म्हणजे वरून खाली २४० पर्यंत (त्याच्या ८० टक्के) हिरवा, ठीक असल्याचा पट्टा, तिथून १५० पर्यंत (५० टक्के) पिवळा, सावध करणारा, त्याखाली लाल, धोक्याचा. वय-उंचीच्या छापील तक्त्यापेक्षा हा स्वतःचा आकडाच धरावा. थंडी पडली तसं संध्याकाळी २८० आणि सकाळी २१० असं दिसू लागलं. आई म्हणत होती, ‘मला काही होत नाहीये.’ वही दाखवल्यावर डॉक्टरांनी औषध वाढवलं. रात्री धावपळ करावी लागली नाही, ती या नळीमुळेच.

म्हणूनच काट्याचा इतका राग येतो. सैल काटा आकडा कमी दाखवतो, आणि त्या भरवशावर आई उगाच पंप घेईल.

नवीन घेताना दुकानातच काटा मध्यावर ठेवून मीटर उभा धरा, हलकेच झटका द्या. घसरला तर दुसरा मागा. आकड्यांची पट्टी जुन्या राइट स्केलची आहे की युरोपियन स्केलची, तेही बघा. दोन्हींचे आकडे जुळत नाहीत. पट्टी बदलली तर सर्वोत्तम आकडा नव्याने काढावा लागेल.